आंघोळ कोण घालतं?



या व्याख्यानमालेत विषय निवडायची मुभा वक्त्याला असते. 'स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची घरातली काळजी' असा विषय मी कळवला, तेव्हा आयोजक मंडळींपैकी एकांचा फोन आला. म्हणाले, "सोबत एखादे डॉक्टरही बोलवू या का?" मी नको म्हटलं. डॉक्टरांशी माझं काही वाकडं नाही. माझी निम्मी नोकरी त्यांच्याच हाताखाली गेली. पण आपल्याकडे या विषयावरचं प्रत्येक भाषण मेंदूच्या स्कॅनपासून सुरू होतं आणि 'कुटुंबीयांनी प्रेमाने वागावं' इथे येऊन थांबतं. प्रेमाने वागायचं म्हणजे सकाळी सात वाजता, माणूस अंगावर ओरडत असताना, नेमकं काय करायचं? तिथून पुढे बोलायला माणूस मिळत नाही. म्हणून आज मी आले.

आधी आकड्यांचं उरकून घेते. लासी-डॅड नावाची देशव्यापी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी 7.4 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. हा शेवटचा तपशील मुद्दाम सांगितला, कारण हा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला, पेन्शनर लोकांचा आजार आहे असा एक समज आपण करून घेतलाय. ही माणसं राहतात कुठे? बहुतेक सगळी घरीच. रुग्णालयात ती येतात पडल्यावर, नाहीतर न्यूमोनिया झाल्यावर. बाकीची सहा-आठ-दहा वर्षं घरात निघतात.

आता मला जे म्हणायचं आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकते. या काळजीत ठरवणारे एक असतात आणि करणारे दुसरे. मी एखाद्या घरी पहिल्यांदा जाते तेव्हा मधल्या खोलीत मोठा मुलगा फाइल घेऊन बसलेला असतो. रिपोर्ट तारखेनुसार लावलेले. अमेरिकेतला धाकटा व्हिडिओ कॉलवर. दोघं मला औषधांची नावं तोंडपाठ सांगतात. मग मी विचारते, "यांना आंघोळ कोण घालतं?" आणि दोघं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात. तिथे सून उभी असते, किंवा मावशी. तोपर्यंतच्या अर्ध्या तासात तिला कोणी 'बस' म्हटलेलं नसतं.

ही गोष्ट आजची नाही. अल्झायमर हे नाव ज्या डॉक्टरवरून पडलं त्या आलोइस अल्झायमरने नोंदवलेली या आजाराची पहिली रुग्ण ऑगस्टे डेटर. नोव्हेंबर 1901 मध्ये ती फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आली तेव्हा 51 वर्षांची होती. अल्झायमरने तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरं टिपून ठेवली. ती 1906 मध्ये वारली, त्याने तिचा मेंदू तपासला, त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या परिषदेत तो बोलला, आणि 1910 मध्ये त्याचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आजाराला त्याचं नाव दिलं. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. पण तिला तिथे आणून सोडलं तिच्या नवऱ्याने, रेल्वेतल्या एका कारकुनाने. ती त्याच्यावर संशय घ्यायची, वस्तू इकडच्या तिकडे लपवायची, स्वतःच्या घरात वाट चुकायची, आपल्याला कोणी मारायला आलंय असं वाटून किंचाळायची. हे त्याने कचेरी सांभाळून कसं निभावलं? रात्री कोण जागलं? वैद्यकाच्या इतिहासात त्याला दोन-चार ओळी मिळाल्या. इतिहास सुरू होतो तो ती रुग्णालयाचा उंबरा ओलांडून आत आल्यावर.

आता आंघोळीबद्दल जरा सविस्तर बोलते. सभागृहात चुळबुळ होईल, होऊ दे.

घरोघरी तक्रार एकच असते. आई आंघोळीला तयार होत नाही. हात धरला की चावते. आयुष्यभर सोवळंओवळं पाळलेली बाई, आणि आता चार-चार दिवस अंगाला पाणी नाही. सुनेला वाटतं, मला छळायला मुद्दाम करतात. मुलाला वाटतं, सून जबरदस्ती करत असणार. आईच्या बाजूने बघा. तिला आत्ता सकाळ आहे की संध्याकाळ हे कळत नाही. कोणीतरी येतं, अंगावरची साडी ओढायला लागतं. ती व्यक्ती आपली सून आहे हे आज तिला आठवत नाहीये. तिच्या लेखी ती परकी बाई आहे. गुळगुळीत ओल्या फरशीवर पाऊल ठेवायचं, तर पांढरी फरशी आणि पांढरी भिंत यातली कड तिला दिसत नाही. समोरच्या आरशात एक अनोळखी म्हातारी टक लावून बघतेय. आणि मग वरून, डोक्यावर, शॉवरचं पाणी. मला सांगा, तुम्ही काय केलं असतं?

ज्या मावशींकडून मी हे काम शिकले त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांची पद्धत अशी. आदल्या दिवशी घरच्यांना विचारून घ्यायचं, या पूर्वी आंघोळ कधी करायच्या? पहाटे, पाणी तापल्यावर? मग वेळ तीच. आरशावर टॉवेल. न्हाणीघर आधी गरम पाण्याने उबदार करून ठेवायचं. स्टूल, त्यावर जुनं जाड कापड, म्हणजे बूड गार लागत नाही. कपडे काढायच्या आधी खांद्यावरून मोठा पंचा, आणि तो शेवटपर्यंत अंगावर, पाणी पंच्यावरून. सुरुवात पायापासून. डोकं सगळ्यात शेवटी, आणि रोज नाहीच. तांब्या आजींच्या हातात द्यायचा. हात तांब्याला ओळखतो. आजी स्वतःच्या पायावर स्वतःच पाणी घेतात, आणि मावशी पाठ चोळता चोळता 'गंगे च यमुने' सुरू करतात. पुढचं आजी म्हणतात. नाव विसरलेल्या आजी. आणि ज्या दिवशी ऐकायचंच नाही असं दिसतं, त्या दिवशी ओल्या फडक्याने अंग पुसून काढायचं आणि कोणाला अपराधी वाटू द्यायचं नाही.

यातली एकही गोष्ट गोळीच्या पाकिटावर लिहिलेली नसते. पण ही विद्या आहे, आणि ती शिकता येते. 'मूळचा मायाळू स्वभाव' असं म्हणून आपण तिची किंमत शून्य करून टाकली आहे. मायाळू स्वभावाची माणसंही पहिल्या दिवशी शॉवरच सुरू करतात.

या मावशी येतात कुठून? शहरात ब्यूरोतून. बारा तासांची पाळी किंवा चोवीस तास. ब्यूरोवाला घराकडून एक रक्कम घेतो, मावशींना दुसरी देतो. मधला फरक किती हे दोघांनाही नीट माहीत नसतं. चोवीस तासांच्या मावशींचा महिना अनेक घरांत पेन्शनच्या वर जातो, आणि तरीही त्या मावशींच्या हातात जे पडतं त्यात खोलीचं भाडं आणि मुलाची फी जेमतेम बसते. म्हणजे देणाऱ्याला जड आणि घेणाऱ्याला अपुरं. चोवीस तास म्हणजे खरोखर चोवीस तास. रात्री आजोबा पाच वेळा उठतात, दार उघडायला जातात, आणि मावशी पलंगाशेजारी सतरंजीवर. झोप कधी घेतली विचारलं तर हसतात. महिन्यातून दोन सुट्ट्या, त्याही 'बदली' मिळाली तर. बदली आलेल्या बाईला घराने काहीच सांगितलेलं नसतं. आजोबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, एवढी साधी गोष्टसुद्धा नाही.

शिकवण्याची सोय कागदावर आहे. जनरल ड्युटी असिस्टंट नावाचा अभ्यासक्रम आहे, त्यात रक्तदाब मोजणं, कुशीवर वळवणं, कमोडची खुर्ची, नळीतून अन्न, हे येतं. ते लागतंच. पण चालताफिरता, धडधाकट, संध्याकाळी पाच वाजता 'मला घरी जायचंय' म्हणून चपला घालणारा माणूस स्वतःच्याच घरात उभा असतो, त्याला काय उत्तर द्यायचं, हे वेगळं शिक्षण आहे. 'अहो, हेच तुमचं घर' असं सांगून काही होत नाही. त्याला जुना वाडा हवा असतो, कदाचित आई हवी असते. 'चला, जाऊ' म्हणून गल्लीतून एक फेरी मारून आणली, वाड्यातल्या विहिरीबद्दल चार प्रश्न विचारले, की बहुतेक वेळा चपला निघतात.

आणि चोरीचा आळ. पाकीट उशीच्या अभ्र्यात स्वतःच ठेवायचं आणि मावशींनी घेतलं म्हणायचं, हे या आजाराचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. घरच्यांनी पहिल्याच दिवशी मावशींना सांगायला हवं, 'असं होईल, आम्हाला माहीत आहे, तुम्ही मनावर घेऊ नका.' हे न सांगितल्यामुळे चांगल्या बायका सोडून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. गरिबावर आळ आला की तो धुऊन निघत नाही. 'आम्ही तुम्हाला घरच्यासारखं मानतो' हे वाक्य मला हल्ली ऐकवत नाही. घरच्यासारखं मानता तर कप वेगळा का?

महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी आहे, काही लाभ आहेत. पण पगार किती, सुट्टी किती, रात्रीची झोप किती, याला त्यात हात घातलेला नाही. रुग्ण सांभाळणाऱ्या बाईचं काम धुण्याभांड्यापेक्षा वेगळं आहे, ही गोष्टच अजून कायद्याच्या ध्यानात आलेली नाही.

आता शेजारच्या गोव्यातली एक हकीकत. मला ती फार महत्त्वाची वाटते, आणि तिथल्याही फारशा लोकांना माहीत नाही. गोव्यात 'संगात' ही संस्था 1996 पासून मानसिक आरोग्याचं काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये छापून आले. स्मृतिभ्रंशाचा माणूस असलेली 81 कुटुंबं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने 41 कुटुंबांना लगेच मदत दिली, बाकीच्यांना सहा महिन्यांनी. मदत कोणाची? गृहसल्लागारांची. पात्रता काय, तर बारावी पास, स्थानिक भाषा येते, आणि कामाची आच आहे. त्यांना प्रशिक्षण दिलं, पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ ठेवले. हे सल्लागार साधारण पंधरवड्याला घरी जायचे. हा आजार आहे, खोडसाळपणा नाही, हे समजावून सांगायचे. कोणतं वागणं कसं हाताळायचं ते बघायचे. लागलंच तर डॉक्टर बोलवायचे. सरकारी योजनेचा अर्ज भरून द्यायचे. घरच्यांना एकमेकांशी गाठ घालून द्यायचे.

सहा महिन्यांनी मोजलं. रुग्णांच्या वागण्यात आणि रोजच्या हालचालीत फरक पडल्यासारखा दिसला, पण खात्रीने सांगता येईल इतका नाही. आजार आजाराच्या वाटेनेच चालला होता. प्रयोगाच्या काळात 18 रुग्ण गेले. पण सांभाळणाऱ्यांच्या मनाची अवस्था स्पष्टपणे सुधारली होती, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला होता. काही लोक हा निकाल ऐकून म्हणतात, मग रुग्णाला काय मिळालं? मला या प्रश्नाचा राग येतो. त्या घरात दोन माणसं होती. एकाला आपण बरं करू शकत नाही. दुसरीला करू शकतो, बारावी पास मुलीकडून करू शकतो, आणि तरीही करत नाही. आणि जी बाई रात्रीची झोपलेली आहे, तिच्या हातची आंघोळ वेगळी असते, हे सांगायला मला प्रयोग लागत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मोहन आगाशे यांनी केलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री. लेकीने थोड्या वेळासाठी गाडीत बसवलेले असताना ते उतरतात आणि हत्तीच्या मागे चालू लागतात. हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. सिनेमा मोठा आहे. पण तो पाहून बाहेर पडणारे लोक चन्नम्माबद्दल गहिवरून बोलतात आणि लेकीबद्दल जरा चाचरत. मी लेकीच्या, इराच्या बाजूने आहे. चन्नम्माच्या वाट्याला ते काम थोडक्या काळापुरतं आलं. इराच्या वाट्याला ते नोकरी, मुलं, नवरा, आणि 'वडिलांना गाडीत कसं सोडलं' असं विचारणारे नातेवाईक यांच्यासकट, दिवस मोजायची सोय नसलेलं आलं. इरावती हर्षे यांनी तो थकवा दाखवलाय. तो आपण बघून न बघितल्यासारखा करतो, कारण तो आपल्या घरातला असतो.

थकव्याचा विषय निघालाच आहे तर औषधांचं बोलते. घर थकलं की मागणी येते, 'रात्री झोपतील असं काहीतरी द्या.' मनोविकारावरची जी औषधं यासाठी वापरतात त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिलेला आहे. कधी कधी ती द्यावी लागतात. तो निर्णय डॉक्टरांचा. पण घरच्यांनी तीन गोष्टी विचारायलाच हव्यात. कशासाठी, किती दिवस, आणि बंद कधी करायचं? आपल्याकडे ती चालू होतात आणि कोणी बंद करत नाही. मग आजोबा दिवसभर पेंगतात, पडतात, खुब्याचं हाड मोडतं.

याची दुसरी बाजूही आहे. कालपर्यंत जेवत होते, बोलत होते, आणि दोन दिवसांत एकदम भ्रमिष्टासारखे झाले, तर 'आजार वाढला' म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंश असा रातोरात वाढत नाही. लघवीचा संसर्ग, साचलेला मळ, रक्तातलं सोडियम उतरणं, नवीन सुरू केलेली गोळी, आठवड्यापूर्वी डोक्याला लागलेला मार, यांपैकी काहीतरी असतं आणि त्यातलं बरंचसं बरं होतं. हे सगळ्यात आधी कोणाला कळतं? जी लंगोट बदलते तिला. लघवीला वास येतोय, परवापासून पोट साफ नाही, काल भिंतीला धरून चालत होते. पण दवाखान्यात जातो मुलगा, फाइल घेऊन. मावशी घरी थांबतात. तपासणीच्या खोलीत मावशींना घेऊन जा, एवढं एक काम उद्यापासून करता येईल. डॉक्टरांनीही खुर्ची द्यावी आणि फाइल उघडायच्या आधी तिच्याशी बोलावं.

पैशाचं आणि कागदाचं. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण मिळालं, चांगली गोष्ट झाली. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. घरी मावशी ठेवली, डायपर आणले, एअर बेड भाड्याने घेतला, तर त्याला दमडी नाही. म्हणजे बेडसोअर होऊन माणूस भरती झाला की सरकार खर्च करणार. तो होऊ नये म्हणून दर दोन तासांनी जी कुशीवर वळवते तिच्यासाठी नाही. जर्मनीने 1995 मध्ये शुश्रूषा विमा आणला, त्यात घरी सांभाळणाऱ्या कुटुंबालाही रोख रक्कम मिळते आणि सांभाळणाऱ्याच्या पेन्शनचा हप्ता भरला जातो. जपानने 2000 साली असा विमा सुरू केला, चाळिशीपासून प्रत्येकाचा हप्ता कापतात. ते देश श्रीमंत आहेत, मान्य. पण आधी कोणीतरी तिथेही 'हे काम आहे' असं म्हणावं लागलं असेल.

कागदांबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. 'आम्ही कुलमुखत्यारपत्र करून घेतलंय, आता चिंता नाही.' आपल्या 1872 च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी तो कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो, पण त्या यादीत स्मृतिभ्रंश नाही. मग उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने अशा अर्जांवर पालक नेमलेले आहेत. पण वडिलांच्याच ठेवीतून वडिलांच्या औषधाला पैसे काढण्यासाठी उच्च न्यायालय, हे किती घरांना झेपेल? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबाबत आगाऊ निर्देश लिहून ठेवायची आणि प्रतिनिधी नेमायची सोय केली, मात्र ती उपचारांपुरती, मालमत्तेला नाही. म्हणून निदान झाल्या झाल्या, माणूस स्वतः समजून सही करू शकतो तोवर, संयुक्त खातं, नामनिर्देशन, आणि डॉक्टरांच्या दाखल्यासह मृत्युपत्र. हे बोलताना घरात कोणीतरी म्हणतंच, 'एवढी काय घाई?' त्यांना सांगा, रुग्णाचाच सल्ला घेऊन करायचं तर आत्ताच. माणसाच्या मागे त्याच्याबद्दल ठरवण्यापेक्षा त्याच्या समोर, त्याच्याकडूनच ठरवून घ्यावं. पहिल्या टप्प्यातली बरीच माणसं फार स्वच्छ बोलतात. कोणाच्या हातून आंघोळ चालेल, हेसुद्धा सांगतात. विचारलं तर.

शेवटी एक मागणी, सरकारकडे नाही, इथे बसलेल्यांकडे. सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या हव्यात. झोपायला, बँकेत जायला, सिनेमाला जायला, काहीही करायला; कारण विचारायचं नाही. त्यासाठी रुग्णाला दोन-तीन तास बसता येईल अशी एक जागा हवी. तळमजल्यावर, पायऱ्या नसलेली, जवळ संडास असलेली, दाराला आतून कडी असलेली. दोन मावशी, पगारी, सुट्टीसकट. एखादी निवृत्त नर्स. पत्ते, जुनी गाणी, निवडायला तांदूळ. चार-पाच सोसायट्यांनी वर्गणी काढली तर पहिलं वर्ष निघतं, मी हिशेब करून आणलाय.

जागेचंही पाहून ठेवलंय. हे सभागृह सोमवार ते गुरुवार दुपारी दोन ते साडेपाच रिकामं असतं. किल्ली शिपाईमामांकडे असते, त्यांची काही हरकत नाही. कार्यवाह समोरच बसले आहेत. आभारप्रदर्शन झालं की मी त्यांना भेटणार आहे, तेव्हा त्यांनी लगेच निघू नये.